चार चाकं, तीन डिफरन्शियल: ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये फिरणं आणि जोर कसे वाटले जातात

दर पावसाळ्यात एखादा तरी व्हिडिओ मोबाइलवर येतोच. ऑल-व्हील ड्राइव्हची, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी महागडी गाडी लाल चिखलात अडकलेली, एक चाक गरगरा फिरून चिखल उडवतंय आणि बाकीची तीन ढिम्म. खालच्या प्रतिक्रिया ठरलेल्या: "फोर बाय फोर असून काय उपयोग?" बहुतेक वेळा त्या गाडीत काहीच बिघडलेलं नसतं. डिफरन्शियल, म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना, ज्या कामासाठी बनवलंय तेच काम चोख करत असतं.

घोटाळा आपल्या समजुतीत आहे. "डिफरन्शियल चाकांना फिरणं वाटून देतं" असं आपण सर्रास म्हणतो. प्रत्यक्षात कुठलं चाक किती फिरणार हे रस्ता आणि वळण ठरवतात. डिफरन्शियल वाटतं तो जोर, म्हणजे टॉर्क, आणि तोही ठरलेल्या प्रमाणात. फिरण्याच्या बाबतीत त्याची अट एकच: सगळ्यांची सरासरी जुळली पाहिजे. फिरणं आणि जोर हे दोन वेगळे हिशेब आहेत. ते वेगळे ठेवले की टॉर्सन, हॅल्डेक्स, डिफ लॉक, ब्रेक लॉक हा सगळा गुंता सुटतो. म्हणून इथे आधी फिरण्याचा हिशेब मांडतो, मग जोराचा, आणि शेवटी आपापल्या गाडीत काय आहे ते ओळखून कसं वापरायचं ते.

पायरी १: वळणावर चार चाकांचा हिशेब मांडा

कागद-पेन घ्या. थारच्या जवळपासची मापं धरू: डाव्या-उजव्या चाकांत अंतर १.५ मीटर, पुढच्या-मागच्या चाकांत २.५ मीटर, आणि टायरचा एक फेरा जमिनीवर २.४ मीटर. घाटातलं अगदी आवळ वळण घेऊ, ज्यात गाडी पूर्ण उलट दिशेला वळते आणि मागच्या अॅक्सलचा (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या आसाचा) मध्य ६ मीटर त्रिज्येने जातो.

मागचं आतलं चाक ५.२५ मीटर त्रिज्येवरून जातं, म्हणजे अर्ध्या वर्तुळात साधारण १६.५ मीटर. मागचं बाहेरचं ६.७५ मीटरवरून, म्हणजे २१.२ मीटर. पुढची चाकं मागच्यांच्या माग धरून जात नाहीत, ती बाहेरून मोठा घेर घेतात. पुढचं आतलं १८.३ मीटर जातं आणि पुढचं बाहेरचं २२.६ मीटर.

आता हे फेऱ्यांत बदला. मागचं आतलं ६.८७, मागचं बाहेरचं ८.८४, पुढचं आतलं ७.६१, पुढचं बाहेरचं ९.४२. चार चाकं आणि चार वेगळे आकडे, एकही जोडी जुळत नाही. डाव्या-उजव्यातला फरक सगळ्यांना माहीत असतो. पुढच्या-मागच्यातला फरक मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, आणि ऑल-व्हील ड्राइव्हचं सगळं रामायण तिथूनच सुरू होतं. मागच्या दोघांची सरासरी ७.८५ फेरे, पुढच्या दोघांची ८.५२. फरक पाऊण फेऱ्यापेक्षाही कमी, पण अॅक्सलमधलं गिअर गुणोत्तर चारच्या आसपास असेल, म्हणजे चाकांच्या सरासरी एका फेऱ्याला शाफ्टचे चार, तर पुढच्या आणि मागच्या प्रोपेलर शाफ्टमध्ये (अॅक्सलकडे जोर नेणाऱ्या लांब दांड्यांत) एकाच वळणात सुमारे पावणेतीन फेऱ्यांचा फरक पडतो. हे दोन शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडलेले असतील तर हा फरक जाणार कुठे? एक तर टायर घासून, नाहीतर शाफ्टला पीळ भरून.

पायरी २: एक डिफरन्शियल आतून बघा

हे यंत्र नवं नाही. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेक्योरने वाफेच्या गाडीसाठी १८२७ साली त्याचं पेटंट घेतलं, आणि मूळ रचना आजही तीच आहे. प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला टेल पिनियन असतो, तो मोठ्या क्राउन व्हीलला फिरवतो. क्राउन व्हील एका पिंजऱ्याला बोल्टने घट्ट असतं. पिंजऱ्यात आडव्या पिनवर दोन किंवा चार छोटे स्टार पिनियन बसतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक सन गिअर, आणि प्रत्येक सन गिअरमधून एकेक अॅक्सल शाफ्ट चाकाकडे जातो.

सरळ रस्त्यावर स्टार पिनियन स्वतःभोवती अजिबात फिरत नाहीत. पिंजऱ्याबरोबर गोल जाताना ते फक्त दोन्ही सन गिअरना ढकलतात, म्हणून दोन्ही चाकं सारखी फिरतात. वळण आलं की आतलं चाक मंदावतं. त्या बाजूचा सन गिअर मागे पडू लागतो, तसा स्टार पिनियन आपल्या पिनवर फिरायला लागतो आणि जेवढं आतल्या बाजूचं कमी झालं तेवढंच बाहेरच्या बाजूला देतो. म्हणूनच नियम पक्का: पिंजऱ्याचा वेग म्हणजे दोन्ही चाकांच्या वेगांची सरासरी. वरच्या उदाहरणात मागचा पिंजरा ७.८५ फेरे फिरला, चाकं ६.८७ आणि ८.८४. दोन्ही चाकांची बेरीज पिंजऱ्याच्या फेऱ्यांच्या दुप्पट.

एक चाक पूर्ण थांबलं तर? सरासरी तर टिकलीच पाहिजे, म्हणून दुसरं दुप्पट फिरतं. टू व्हील ड्राइव्हमध्ये गाडी रुतलेली असताना वेगाचा काटा गिअरबॉक्सच्या वेगावर चालत असेल आणि २० दाखवत असेल, तर घसरणारं चाक ४० च्या वेगाने फिरत असतं.

पायरी ३: हाताने तपासून बघा

वाचून जे पटत नाही ते हाताने पटतं. मागच्या चाकांवर चालणारी किंवा पार्ट-टाइम (हवी तेव्हाच चारही चाकांना जोर देणारी) फोर बाय फोर गाडी टू-एचमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर, घ्या. सपाट, टणक जमीन, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, मागची बाजू उचलून अॅक्सलखाली भक्कम स्टँड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून हा प्रयोग करायचा नाही. हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, म्हणून तो सोडावा लागतो. ठोकळे आणि स्टँड नीट बसले आहेत याची खात्री झाल्यावरच सोडा. इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये.

आता एक मागचं चाक पुढच्या दिशेने फिरवा. दुसरं तितकंच उलट फिरेल. प्रोपेलर शाफ्ट गिअरने धरून ठेवलाय, पिंजरा स्थिर आहे, म्हणजे सरासरी शून्य. अधिक एक आणि उणे एक.

मग गिअर न्यूट्रलला टाका. एक चाक मित्राला घट्ट धरायला सांगा, दुसरं बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूने खूण करून त्याचे फेरे मोजा. एक चाक शून्य, दुसरं दोन, म्हणून पिंजरा एक फेरा. शाफ्ट जितके फेरे फिरला तेच तुमच्या अॅक्सलचं गुणोत्तर. चार फेरे आणि वर थोडं भरलं तर चार पॉइंट काहीतरी. गाडीच्या माहितीपत्रकातल्या आकड्याशी ते ताडून बघण्यात वेगळीच मजा आहे.

पहिल्या प्रयोगात दुसरं चाक उलट फिरायला तयारच नसेल, दोन्ही चाकं एकमेकांना बांधल्यासारखी वाटत असतील, तर आत क्लच प्लेटवालं लिमिटेड स्लिप (वेगातल्या फरकाला अटकाव करणारं डिफरन्शियल) किंवा अडकलेलं लॉकर (दोन्ही चाकं एकत्र बांधणारी रचना) आहे. थारच्या वरच्या व्हेरियंटमध्ये येणारं मेकॅनिकल लॉकर मात्र हाताच्या वेगाला उघडंच, म्हणजे काहीही न अडवणाऱ्या साध्या डिफरन्शियलसारखं वागतं. दोन चाकांच्या वेगात मोठा फरक पडला तरच ते लॉक होतं, तेव्हा या प्रयोगात फसू नका.

पायरी ४: आता जोराचा हिशेब

इथे नीट थांबा, कारण सगळी गंमत इथेच आहे. स्टार पिनियन म्हणजे सारख्या दांडीचा तराजू. पिन मधोमध ढकलते, दोन टोकांना दोन सन गिअर. दांडी समान असल्यामुळे दोन्ही टोकांना जोर नेहमी सारखाच लागतो, एखादं टोक खाली-वर होत असलं तरीही. म्हणजे साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना कायम अर्धा-अर्धा टॉर्क मिळतो. "उघडं डिफरन्शियल सगळा जोर घसरणाऱ्या चाकाला देतं" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं आणि ते चूक आहे. घसरणारं चाक थोडाच जोर घेऊ शकतं, आणि तराजूच्या नियमाने दुसऱ्यालाही तेवढाच थोडा मिळतो. फिरणं सगळं एका बाजूला जातं, जोर नाही.

आकडे घालून बघू. १८०० किलोच्या गाडीत एका चाकावर सरासरी ४५० किलो भार. कोरड्या डांबरावर असं चाक घसरण्याआधी साधारण १३०० न्यूटन मीटर जोर पेलतं, निसरड्या चिखलात धरू या ३००. मागचं एक चाक चिखलात, दुसरं डांबरावर. उघड्या डिफरन्शियलमध्ये चिखलातलं चाक ३०० ला सुटतं, म्हणून डांबरावरच्यालाही ३०० च. एकूण ६००. डांबरावरच्या चाकाची आणखी १००० पेलायची ताकद वापराविना पडून राहते. चाक हवेत लटकलं असेल तर शून्य अधिक शून्य.

पायरी ५: तीन डिफरन्शियल एकत्र जोडा

आता चारही चाकं. खऱ्या अर्थाने फुल-टाइम ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीत तीन डिफरन्शियल असतात: पुढच्या अॅक्सलला एक, मागच्या अॅक्सलला एक, आणि गिअरबॉक्समागे ट्रान्सफर केसमध्ये किंवा गिअरबॉक्सच्या पोटातच तिसरं, सेंटर डिफरन्शियल. तिसऱ्याची "चाकं" म्हणजे दोन प्रोपेलर शाफ्ट. तेही सरासरीच्या नियमाने चालतं. आपल्या वळणावर पुढचा पिंजरा ८.५२, मागचा ७.८५, म्हणून सेंटरचा पिंजरा ८.१९ च्या हिशेबाने फिरला. चारही चाकांचे फेरे मिळवून चाराने भागा, हाच आकडा येतो. पावणेतीन फेऱ्यांचा तो फरक कुठलाही ताण न भरता जिरला.

रस्त्यावर याहून सुरेख काही नाही. १९७० ची रेंज रोव्हर आणि १९७७ ची लाडा निवा या रचनेवर उभ्या राहिल्या, आणि १९८० च्या जिनिव्हा मोटार शोमध्ये ऑडी क्वाट्रोने तीच रचना वेगवान रस्त्याच्या गाडीत आणली. त्याआधी १९६६ मध्ये जेन्सन एफएफ ही ब्रिटिश गाडी फर्ग्युसन कंपनीचं तंत्र घेऊन आली होती. आपल्या शेतांत मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरवर ज्यांचं नाव आहे तेच हे हॅरी फर्ग्युसन. त्या गाडीत जोर ३७:६३ असा पुढे-मागे वाटला जाई.

सम नसलेली अशी वाटणी कशी होते? तिथे तराजूची दांडी असमान करतात. शंकूच्या आकाराच्या गिअरऐवजी प्लॅनेटरी संच घेतात: मधला गिअर, बाहेरची दातेरी रिंग, दोघांमध्ये छोटे गिअर आणि त्या छोट्यांना धरणारा पिंजरा. इंजिनचा जोर पिंजऱ्यात येतो. मधल्याला ४० दाते आणि रिंगला ६० असतील तर जोर ४०:६० वाटला जातो. बहुधा रिंगची बाजू मागच्या अॅक्सलला देतात, म्हणजे मागे जास्त. फिरण्याची सरासरीही याच वजनाने होते, मधल्याचे ४० टक्के आणि रिंगचे ६० टक्के. ही वाटणी दात्यांच्या संख्येत कोरलेली असते, रस्ता कसाही असो.

आता चिखलाकडे या. तीनही डिफरन्शियल उघडी, पुढचं एक चाक चिखलात, बाकी तीन डांबरावर. पुढच्या अॅक्सलला ३०० अधिक ३००, म्हणजे ६००. सेंटर डिफरन्शियल सम वाटतं, म्हणून मागच्या अॅक्सललाही ६०० च. चारही चाकं मिळून १२००. सगळ्यात कमजोर चाकाच्या चौपट, त्याहून एक न्यूटन मीटरही जास्त नाही. ते चाक हवेत गेलं की चौपट शून्य. व्हिडिओतली गाडी ती हीच.

पायरी ६: हा तोल मुद्दाम कसा बिघडवतात

इथून पुढची सगळी तंत्रं म्हणजे तराजूचा समान जोराचा नियम मोडायच्या वेगवेगळ्या युक्त्या. वरचंच उदाहरण धरून एकेक बघू.

सेंटर लॉक केलं तर पुढचा आणि मागचा शाफ्ट एक होतात. फिरणं सारखं सक्तीचं, आणि जोर आता पकड असेल तिकडे जितका लागेल तितका जातो. पुढे ६००, मागे दोन्ही चाकं डांबरावर म्हणून २६०० पर्यंत. एकूण ३२००. त्यावर पुढच्या अॅक्सललाही लॉक केलं तर ३०० अधिक १३००, आणि एकूण ४२००. लॉक केल्यावर "५०:५० जोर" मिळतो असं जे म्हणतात ते म्हणूनच बरोबर नाही. लॉकमध्ये ५०:५० होतं ते फिरणं, जोर पकडीप्रमाणे कसाही वाटला जातो. उघड्यात नेमकं याच्या उलट.

टॉर्सन हा मधला मार्ग आहे. अमेरिकेतल्या व्हर्नन ग्लीसमन यांनी शोधलेली ही वर्म गिअरसारख्या दात्यांची रचना ऑडीने १९८० च्या दशकात सेंटर डिफरन्शियल म्हणून वापरली. दातेच अशा कोनात कापलेले असतात की जोर आला की आतलं घर्षण वाढतं आणि जास्त पकड असलेल्या बाजूला कमजोर बाजूच्या ठराविक पट जोर देता येतो. हे प्रमाण ३ धरलं तर पुढे ६०० असताना मागे १८०० पर्यंत, एकूण २४००. कुठलंही बटण नाही, संगणक नाही, आणि वळणावर फरकही जिरतो. मला यंत्र म्हणून हे सगळ्यात देखणं वाटतं. पण पट म्हणजे पट. एक बाजू पूर्ण हवेत गेली तर तीन गुणिले शून्य शून्यच. अमेरिकी सैन्याच्या हमव्ही गाड्यांत अॅक्सलला टॉर्सन असतं, आणि त्यांच्या चालकांना चाक हवेत असताना अॅक्सिलरेटरबरोबर हलका ब्रेक दाबायला शिकवतात. ब्रेकमुळे हवेतल्या चाकाला खोटा का होईना प्रतिकार मिळतो आणि त्याच्या काही पट जोर दुसऱ्या चाकाला जातो.

हीच युक्ती आता संगणक करतो, यालाच ब्रेक लॉक म्हणतात. एबीएसचे सेन्सर घसरणारं चाक ओळखतात आणि फक्त त्याचाच ब्रेक लावतात. समजा चिखलातल्या चाकावर ७०० चा ब्रेक लागला. आता त्या बाजूला प्रतिकार ३०० अधिक ७००, म्हणजे १०००. तराजूच्या नियमाने दुसऱ्या बाजूलाही १०००, आणि उघड्या सेंटरमधून मागच्या अॅक्सलला २०००. गाडीला ढकलणारा जोर ३३००, ७०० ब्रेकमध्ये जळाले. मारुती जिम्नीत आणि थारच्या काही व्हेरियंटमध्ये हेच असतं. स्वस्त आणि उपयोगी, पण ब्रेक तापतात, आणि चाक थोडं फिरल्याशिवाय ते जागं होत नाही. म्हणून अशा गाडीत चाक घसरताच पाय काढून घ्यायचा नाही, अॅक्सिलरेटर हलका पण स्थिर धरून त्याला काम करू द्यायचं. बरेच लोक नेमके याच क्षणी पाय काढतात आणि यंत्रणा कुचकामी ठरवतात.

लिमिटेड स्लिपच्या क्लच प्लेट आणि व्हिस्कस कपलिंगमधलं सिलिकॉनचं दाट द्रव ही त्याच कुटुंबातली मंडळी. वेगातला फरक किंवा जोर वाढला की दोन बाजूंना काही अंशी बांधायचं, इतकंच.

पायरी ७: तुमच्या गाडीत नेमकं काय आहे ते ओळखा

टू-एच, फोर-एच (चारही चाकं, नेहमीचा वेग), फोर-एल (चारही चाकं, कमी वेग पण जास्त जोर) असा लिव्हर किंवा बटण असेल तर बहुधा ती पार्ट-टाइम आहे. नाशिकला बनणारी थार, जिम्नी, फोर्सची गुरखा, सगळ्या याच जातीच्या. यांत सेंटर डिफरन्शियल नसतंच. फोर-एच टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट घट्ट एक, म्हणजे लॉक केलेल्या सेंटरसारखी अवस्था. चिखल-वाळूत हे उत्तम, कारण फरक टायर घसरून जिरतो. कोरड्या डांबरावर तो जिरायला जागा नाही. स्टिअरिंग जड होतं, आवळ वळणावर गाडी झटके देत अडखळते, आणि नंतर लिव्हर टू-एचमध्ये यायचं नाव घेत नाही, कारण गिअरचे दाते पिळाखाली दाबून बसलेले असतात. तेव्हा लिव्हरशी झटापट करू नका. सरळ रेषेत काही मीटर रिव्हर्स घ्या, पीळ उलगडतो आणि लिव्हर सुटतो.

लिव्हर नाही, इंजिन आडवं, गाडी मुळात पुढच्या चाकांवर चालणारी, आणि मागे "फोर बाय फोर" किंवा "एडब्ल्यूडी" लिहिलंय? मग सेंटर डिफरन्शियलच्या जागी क्लच आहे. छत्रपती संभाजीनगरला जोडली जाणारी स्कोडा कोडियाक, ग्रँड व्हिटाराची ऑलग्रिप आवृत्ती या जातीच्या. फोक्सवॅगन समूहाने १९९८ पासून हॅल्डेक्स कपलिंग वापरायला सुरुवात केली, आणि आज अशा बहुतेक गाड्यांत तेलात बुडालेल्या प्लेटचा गठ्ठा संगणकाच्या हुकमावर आवळला-सैल केला जातो. हे डिफरन्शियल नाही. ते जोर ठराविक प्रमाणात वाटत नाही, मागच्या अॅक्सलला किती जोडायचं एवढंच ठरवतं. पूर्ण आवळलं तर लॉक, पूर्ण सोडलं तर फ्रंट व्हील ड्राइव्ह. निसरड्या रस्त्यावर आणि पावसातल्या घाटात हे फार छान काम करतं. मऊ वाळूत सलग रेटलं तर प्लेट तापतात आणि संगणक मागचा अॅक्सल सोडून देतो. डॅशबोर्डवर तसा इशारा आला तर थांबून ती थंड होऊ द्यायची, दुसरा उपाय नाही.

लँड क्रूझर ३००, मर्सिडीजची जी-क्लास यांच्यात खरं सेंटर डिफरन्शियल असतं. जी-क्लासमध्ये तीनही लॉक करता येतात, आणि क्रम सेंटर, मागचं, पुढचं असाच असतो. तो क्रम कुठल्याही गाडीत लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढचं लॉक केलं की स्टिअरिंग जवळजवळ ऐकत नाही.

हॅरियर ईव्हीच्या ऑल-व्हील ड्राइव्ह आवृत्तीसारख्या दोन मोटर असलेल्या गाड्यांत पुढच्या-मागच्याला जोडणारा शाफ्टच नाही. सेंटर डिफरन्शियलचं काम सॉफ्टवेअर करतं. प्रत्येक अॅक्सलमध्ये मात्र डिफरन्शियल आहेच, आणि त्याला वरचे सगळे नियम लागू.

पायरी ८: प्रत्यक्ष वाटेवर

ओबडधोबड वाटेवर गाडी तिरकी पिळली जाते, एका कोपऱ्याचं पुढचं आणि त्याच्या तिरप्या कोपऱ्याचं मागचं चाक उचललं जातं. पार्ट-टाइम गाडी इथे फोर-एलमध्येही थांबते, कारण दोन्ही अॅक्सलमध्ये एकेक चाक हवेत आहे आणि दोन्हींची डिफरन्शियल उघडी. थारमध्ये फोर-एल गाडीचा जोर २.४८ पट करतं, पण शून्याची अडीचपटही शून्यच. इथे अॅक्सलचं लॉक, नाहीतर निदान ब्रेक लॉक लागतं. गुरखात पुढे-मागे दोन्हीकडे ते हाताने लावायची सोय आहे. लॉक अडकल्यावर नाही, अडथळ्याआधी लावायचं, गाडी थांबलेली किंवा अगदी सावकाश असताना. एक चाक वेगाने फिरत असताना लॉक ओढलं तर दाते तुटू शकतात. अडथळा ओलांडला की लगेच काढायचं.

वाळूत आणि चिखलात फोर-एच किंवा सेंटर लॉक आधीच घ्या. कोकणातल्या अनेक किनाऱ्यांवर गाडी नेण्यास बंदी आहे आणि ती पाळायलाच हवी. जिथे मुभा आहे तिथेही लॉकच्या भरवशावर टायरमधली हवा कमी करायचं टाळू नका. जोर कितीही नीट वाटला तरी पेलायचा टायरच्या पकडीनेच.

घाटात पावसाळी डांबरावर पार्ट-टाइम गाडी टू-एचमध्ये चालवायची की फोर-एचमध्ये, यावर वाद होतात. माझं मत स्पष्ट आहे: रस्ता सलग ओला आणि निसरडा असेल तर फोर-एच चालेल, पण आवळ वळणं आणि मधूनमधून कोरडे पट्टे असतील तर टू-एच आणि कमी वेग. फोर-एचमध्ये पुढची-मागची चाकं बांधलेली असल्याने गाडी वळायला नाखूश असते, सरळ जाऊ बघते, आणि दरीच्या कडेला ते नको.

पायरी ९: देखभाल

चारही टायर एका मापाचे, एका मेकचे आणि सारखे झिजलेले हवेत. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर आणि जुन्याची ३ असेल तर त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक पडतो. ३४० मिलिमीटरच्या चाकाला तो जवळपास दीड टक्का. म्हणजे गाडी सरळ हायवेवर जात असली तरी सेंटर डिफरन्शियलला किंवा कपलिंगला सतत वळण चालू असल्यासारखं काम करावं लागतं. सुबारू कंपनी चारही टायरच्या घेरात पाव इंचापेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. एक टायर फाटला तर दोन किंवा चारही बदलायचा खर्च जिवावर येतो, पण कपलिंगचा खर्च त्याहून मोठा असतो.

तेलाचे हिशेब वेगवेगळे असतात. अॅक्सलला बहुधा जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल, क्लच प्लेटवालं लिमिटेड स्लिप असेल तर त्यासाठीचं वेगळं मिश्रण, ट्रान्सफर केसला वेगळं आणि हॅल्डेक्सला स्वतःचं. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच घाला, "सगळीकडे हेच चालतं" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. तेल बदलताना आधी वरचा भरण्याचा बोल्ट सुटतोय ना ते बघा, मगच खालचा उघडा. तेल सांडून मोकळं झालं आणि वरचा बोल्ट गंजून अडकलेला निघाला तर गाडी तिथेच बसते.

ओढ्यातून गाडी नेली असेल तर दुसऱ्याच दिवशी तेल बघा. तापलेलं डिफरन्शियल थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकुंचन पावते, आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जाऊ देणारं तोंड) तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. तेल दुधाळ दिसलं तर लगेच बदला. अॅक्सिलरेटर दाबल्यावर किंवा सोडल्यावर ठराविक वेगाला घूंऽऽ असा आवाज येत असेल तर क्राउन-पिनियनची झीज तपासून घ्या.

आणि गाडी बंद पडली तर टोइंगवाल्याला फोन करतानाच ती ऑल-व्हील ड्राइव्ह आहे हे सांगा. पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर ओढत नेली तर सेंटर डिफरन्शियलची एक बाजू थांबलेली आणि दुसरी फिरती राहते. टॉर्सन, व्हिस्कस किंवा क्लच असेल तर काही किलोमीटरांतच ते जळू शकतं. चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेड ट्रकच मागवा. पार्ट-टाइम गाडीत ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकून ओढायची सोय मॅन्युअलमध्ये दिलेली असेल तरच तसं करा, आणि तिथे दिलेल्या वेगाच्या व अंतराच्या मर्यादेतच.